पर्यावरणीय अर्थशास्त्र : किंमत, हक्क आणि हिशेबाबाहेरची माणसे

विद्यापीठांच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत पर्यावरणीय अर्थशास्त्र हा विषय आता स्थिरावला आहे. आपल्या समाजातील अनेक विद्यार्थी अर्थशास्त्र घेऊन पदवीधर होतात. परंतु या शाखेशी त्यांचा परिचय बहुधा आकृत्या आणि समीकरणे यांच्याद्वारेच होतो. दोन रेषा जेथे छेदतात तो बिंदू पाठ होतो. त्या रेषांमागे कोणती माणसे उभी आहेत, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. या शास्त्राच्या मूलभूत संकल्पना सुलभ रीतीने मांडणे व प्रत्येक संकल्पनेला एकच प्रश्न विचारणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तो प्रश्न असा : या हिशेबात कोणाला मोजले आहे आणि कोणाला वगळले आहे?

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. ‘बौद्ध अर्थशास्त्र’ हे शब्द उच्चारताच अनेकांना ई. एफ. शूमाखर यांचे १९७३ सालचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक आठवते. १९५५ साली ब्रह्मदेशात अर्थविषयक सल्लागार म्हणून राहिल्यानंतर त्यांनी या विषयावर जे चिंतन केले, ते त्या पुस्तकातील एका प्रकरणात आले आहे. त्याचे मोल आहेच. परंतु ते प्रामुख्याने गरजा मर्यादित करण्याविषयी बोलते. ज्यांच्या गरजाच भागलेल्या नाहीत, त्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न संयमाचा नसून हक्काचा आहे. म्हणून येथे आपण मूळ शास्त्राकडेच वळू.

१. किमतीत न आलेला खर्च

कारखानदार कच्चा माल, मजुरी, वीज आणि व्याज यांचा खर्च मोजतो, कारण तो त्याला द्यावाच लागतो. परंतु त्याच्या धुराड्यातून निघालेला धूर ज्याच्या घरात शिरतो, त्याच्या औषधपाण्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत येत नाही. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात या गोष्टीचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. शहरातील धुरामुळे इमारती काळवंडतात, कपडे अधिक वेळा धुवावे लागतात, दिवसाही दिवे लावावे लागतात. आणि हा सारा भार धूर करणाऱ्यावर न पडता इतरांवर पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील या तफावतीलाच पुढे ‘बाह्य परिणाम’ अथवा ‘बाह्यता’ ही संज्ञा रूढ झाली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रंगशाळेला एक मीटर कापड रंगविण्यास ४० रुपये खर्च येतो आणि त्याचे तिला ५० रुपये मिळतात. तिच्या सांडपाण्यामुळे प्रवाहाच्या खालच्या अंगास असलेल्या गावाच्या विहिरी नासतात, गुरे आजारी पडतात, पीक करपते. हे नुकसान दर मीटरमागे १५ रुपये आहे असे समजू. मालकाच्या वहीत दर मीटरला १० रुपये नफा दिसतो. समाजाच्या वहीत मात्र ५ रुपये तोटा असतो. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. फक्त पहिली वही बाजार वाचतो आणि दुसरी वही कोणी लिहीतच नाही.

यावर पिगू यांचा उपाय कराचा होता. दर मीटरमागे १५ रुपये कर बसविला की मालकाचा खर्च ५५ रुपये होतो आणि ५० रुपयांत कापड रंगविणे त्याला परवडत नाही. आता समजा, सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च दर मीटरमागे ६ रुपये आहे. मग मालक १५ रुपये कर भरण्याऐवजी ६ रुपये खर्चून पाणी शुद्ध करील आणि तरीही त्याला ४ रुपये नफा उरेल. कर हा येथे दंड नाही. जो खर्च पूर्वीपासून होताच, तो ज्याचा त्याच्या वहीत लिहिण्याची ती रीत आहे.

भारतात या तत्त्वाला न्यायालयीन मान्यता मिळाली ती १९९६ साली. तमिळनाडूतील वेल्लोर परिसरातील चर्मोद्योगांचे सांडपाणी पालार नदीत व शेतजमिनींत जात असल्याविरुद्ध दाखल झालेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व आणि सावधगिरीचे तत्त्व ही दोन्ही देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पुढे २०१० साली केंद्र शासनाने दगडी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला. तो वाढत वाढत २०१६ साली ४०० रुपये झाला. पिगूंच्या विचाराशी जुळणारेच हे पाऊल होते. मात्र २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा या उपकराची जागा, राज्यांची महसुली तूट भरून काढण्यासाठी असलेल्या नुकसानभरपाई उपकराने घेतली.

येथे आपला प्रश्न विचारू. करामुळे कोळशाची किंमत अधिक खरी झाली, हे मान्य. परंतु कराचा पैसा गेला कोठे? खाणीच्या धुळीत राहणाऱ्या कुटुंबाकडे तो आपोआप जात नाही. तो शासकीय तिजोरीत जातो. पिगूंचे सूत्र किंमत दुरुस्त करते. ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करतेच असे नाही. या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे विद्यार्थ्यांनी पहिल्याच पाठात ध्यानात घेतले पाहिजे.

२. हक्क कोणाचा?

१९६० साली रोनाल्ड कोझ यांनी ‘सामाजिक खर्चाची समस्या’ या विषयावरील निबंधात पिगूंच्या विचाराला आव्हान दिले. याच कार्याचा निर्देश करून १९९१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटींना काहीही खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत बोलून सर्वांत कमी खर्चाच्या तोडग्यावर येतील, मग मूळ हक्क कोणालाही दिलेला असो.

आपल्या रंगशाळेच्या उदाहरणात हे पाहू. शुद्धीकरणाचा खर्च ६ रुपये, नुकसान १५ रुपये. स्वच्छ पाण्याचा हक्क गावाचा असेल, तर मालक ६ रुपये खर्चून पाणी शुद्ध करील. उलट, सांडपाणी सोडण्याचा हक्क मालकाचा असेल, तर १५ रुपयांचे नुकसान टाळण्यासाठी गावच मालकाला निदान ६ रुपये देऊन पाणी शुद्ध करून घेईल. दोन्ही प्रसंगी पाणी शुद्धच होते. म्हणून पाठ्यपुस्तक म्हणते की कार्यक्षमतेच्या दृष्टीने निष्पत्ती सारखीच आहे.

निष्पत्ती सारखी आहे. परंतु ६ रुपये कोणाच्या खिशातून गेले? पहिल्या व्यवस्थेत मालकाच्या, दुसऱ्या व्यवस्थेत गावाच्या. स्वतः कोझ यांना याची पूर्ण जाणीव होती. वाटाघाटींना खर्च येत नाही हे गृहीतक वास्तवात खरे नसते, यावरच त्यांच्या निबंधाचा खरा भर आहे. सभा भरविणे, नुकसान सिद्ध करणे, पाण्याची तपासणी करून घेणे, वकील लावणे, तारखांसाठी मजुरी बुडविणे या सर्वांना पैसा आणि वेळ लागतो. हा ‘व्यवहार खर्च’ श्रीमंताला हलका आणि गरिबाला जड असतो. म्हणून जेथे एक पक्ष भूमिहीन आहे, तेथे मूळ हक्क कोणाला दिला आहे, यावरच बहुधा सारे काही ठरते. किमतीची भाषा सुरू होण्यापूर्वीच हक्काचा निवाडा झालेला असतो.

३. सामायिक संपत्ती आणि तिची सीमा

वस्तूंचे वर्गीकरण करण्यासाठी अर्थशास्त्र दोन कसोट्या लावते. एकाने वापर केला म्हणून दुसऱ्याला कमी पडते काय, ही पहिली. एखाद्याला वापरापासून दूर ठेवणे सहज शक्य आहे काय, ही दुसरी. भाकरीच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी आहेत. ती खाजगी वस्तू होय. स्वच्छ हवेच्या बाबतीत दोन्ही नकारार्थी आहेत. ती सार्वजनिक वस्तू होय. यांच्या मधोमध गायरान, जंगल, मासेमारीचे पाणी आणि भूजल येतात. येथे एकाने घेतले की दुसऱ्याला कमी पडते, परंतु कोणाला अडविणे सोपे नसते. यांना सामायिक साधनसंपत्ती म्हणतात.

जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा संपत्तीची शोकांतिका वर्णिली. सर्वांसाठी खुल्या कुरणात प्रत्येक गुराखी एक एक जनावर वाढवितो. वाढीव जनावराचा लाभ त्याला एकट्याला मिळतो आणि कुरणाची झीज सर्वांत वाटली जाते. शेवटी कुरण उजाड होते. यावर खाजगी मालकी अथवा शासनाचे नियंत्रण, असे दोनच मार्ग अनेकांनी त्यातून काढले.

पालीच्या अभ्यासकाला येथे दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यातील कथेत तांदूळ आपोआप उगवतो आणि लोक सकाळ-संध्याकाळ गरजेपुरता आणतात. मग एक जण दोन्ही वेळचा एकदम आणतो, दुसरा दोन दिवसांचा, तिसरा चार दिवसांचा. या साठेबाजीनंतर तांदूळ पुन्हा उगवेनासा होतो; लोक शेतांना मर्यादा घालतात; मग चोरी सुरू होते आणि शेवटी लोक संमतीने एकाला नियामक निवडतात. कथेचा हेतू वर्णव्यवस्थेच्या दैवी उत्पत्तीचे खंडन हा आहे, साधनसंपत्तीचे शास्त्र सांगणे हा नाही. तरीही एक भेद लक्षणीय आहे. हार्डिन यांच्या कुरणात गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. सुत्तातील माणसे मात्र प्रत्येक टप्प्यावर एकत्र जमून विचारविनिमय करतात.

माणसे बोलतात आणि नियम करतात, हेच एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात प्रत्यक्ष पुराव्यांनी सिद्ध केले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाचे उदाहरण त्यांनी दिले आहे. तेथे १५१७ सालापासून असा नियम होता की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवाव्यात. एवढ्या साध्या नियमाने कुरण शतकानुशतके टिकले. अशा दीर्घायुषी व्यवस्थांतून ऑस्ट्रॉम यांनी आठ तत्त्वे काढली. त्यांतील पहिले असे की वापर करणाऱ्यांची सीमा स्पष्ट असावी; कोण हक्कदार आहे आणि कोण नाही, हे निश्चित असावे. टोर्बेलमध्ये बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली, तरी त्याला सामायिक कुरणाचा हक्क मिळत नसे.

हे तत्त्व शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. परंतु भारतीय वाचकाने येथे थांबून विचार केला पाहिजे. सीमा आखते कोण? आपल्या गावगाड्यात सामायिक संपत्तीची सीमा अत्यंत स्पष्ट होती आणि ती शतकानुशतके टिकली होती. ती सीमा जातीची होती.

४. चवदार तळे : कमतरता नसताना मनाई

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादींचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. परंतु कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुषांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ज्ञात आहे. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आला आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. सवर्ण वादींना मनाईची अनादी रूढी सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या घटनेकडे अर्थशास्त्राच्या दोन कसोट्या लावून पाहावे. तळ्यातून काही घागरी अथवा काही ओंजळी पाणी घेतल्याने इतरांना पाणी कमी पडत नव्हते. मुसलमान आणि ख्रिस्ती यांना तेथे मज्जाव नव्हता, गुरांनाही नव्हता. म्हणजे ही मनाई टंचाईतून आलेली नव्हती. पाणी वाचविणे हा तिचा हेतूच नव्हता. पाठ्यपुस्तकातील ‘वगळणे’ हे साधन जपण्यासाठी असते. महाडचे वगळणे हे माणसाचा दर्जा ठरविण्यासाठी होते. त्याचा खर्च मात्र पूर्णतः आर्थिक होता. दूरच्या पाणवठ्यावर जाण्यात गेलेला वेळ, दूषित पाण्याने आलेले आजार, कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळण्यात गेलेले दिवस आणि त्यात बुडालेली मजुरी, हे सर्व नुकसानच होते. ते कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही.

म्हणून ऑस्ट्रॉम यांच्या पहिल्या तत्त्वाला आपण एक पुरवणी जोडली पाहिजे. सीमा स्पष्ट असणे पुरेसे नाही. ती न्याय्य असली पाहिजे. सामायिक व्यवस्था दीर्घकाळ टिकली, एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही.

५. विहीर कोणाची, पाणी कोणाचे?

न्याय्य सीमा म्हणजे नेमके काय, याचे उत्तर महाराष्ट्रातील भूजलाच्या प्रश्नात शोधता येते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीखालचे पाणी हवे तितके उपसण्याचा अधिकार मानला गेला. परंतु भूजल बांधाबांधाने वेगळे नसते. एकाच्या खोल विंधन विहिरीने शेजाऱ्याची विहीर आटते. त्यातच शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी अश्वशक्तीवर आधारित ठोक दराने मिळत आली आहे. अशा दराचा परिणाम असा की पंप आणखी एक तास चालविण्याचा वाढीव खर्च शेतकऱ्याच्या लेखी शून्य असतो. अर्थशास्त्रात यालाच सीमान्त किंमत शून्य असणे म्हणतात. ज्या वस्तूची सीमान्त किंमत शून्य, तिचा उपसा थांबत नाही. भारत हा जगातील सर्वांत मोठा भूजल वापरणारा देश असून त्याचा वार्षिक उपसा सुमारे २४० अब्ज घनमीटर आहे.

याच परिस्थितीत कमी पावसाच्या प्रदेशात ऊस वाढला. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे. पाण्याची किंमत मात्र त्याच्या खर्चात दिसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले; पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. ज्या प्रदेशातून साखर पोत्यांनी बाहेर गेली, त्याच प्रदेशात पिण्याचे पाणी गाडीने आत आले. ही केवळ पावसाची अवकृपा नव्हे. किमतीत न लिहिलेल्या खर्चाचे ते बिल होते. त्या बिलाचा सर्वांत मोठा भाग ज्यांनी उसाची एक कांडीही लावली नव्हती, त्यांनी रांगेत उभे राहून भरला.

याउलट एक प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीची कल्पना राबविली. तिचे नियम अभ्यासण्याजोगे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली म्हणून तो विकला जात नाही. उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः उभा करायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व कोझ यांच्या सूत्राच्या प्रकाशात उमगते. भूमिहीनाकडे पाण्याचा हक्क आला की तो प्रथमच वाटाघाटीत पक्ष बनतो. जमीनवाल्याला अधिक पाणी हवे असेल, तर त्याला भूमिहीनाशी बोलावे लागते. ऑस्ट्रॉम यांच्या कसोट्यांनी पाहता येथेही सीमा स्पष्ट आहे. परंतु ती माणसांची संख्या मोजून आखलेली आहे. सातबारा पाहून अथवा जात पाहून ती आखलेली नाही.

६. मोल मोजण्याची रीत

ज्या वस्तूला बाजारच नाही, तिचे मोल कसे ठरवावे? यासाठी एक रीत अशी की लोकांना विचारायचे : ही गोष्ट वाचविण्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यालगत ‘एक्सॉन वाल्डेझ’ या जहाजातून तेल सांडले, तेव्हा अमेरिकेत अशी मोठी पाहणी झाली. पुन्हा अशी दुर्घटना होऊ नये म्हणून अमेरिकी कुटुंबे जे देण्यास तयार होती, त्याची बेरीज सुमारे २.८ अब्ज डॉलर निघाली. त्यांपैकी बहुसंख्य लोक तो किनारा कधी पाहणारही नव्हते. न पाहिलेल्या निसर्गालाही माणसे मोल देतात, हे या पाहणीने दाखविले.

परंतु ‘देण्याची तयारी’ या मापात एक दोष मुळातच आहे. तयारी ही ऐपतीच्या बाहेर जाऊ शकत नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही, तो आपल्या मुलाच्या श्वासासाठीही बाजारात फार थोडे देऊ शकतो. म्हणून त्या श्वासाचे मोल थोडे, असा निष्कर्ष हे माप काढते. डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण तयार झाले आणि १९९२ च्या आरंभी ते वृत्तपत्रसृष्टीत पोहोचले. आजारपण व मृत्यू यांमुळे बुडणारी मिळकत जेथे सर्वांत कमी, तेथे घातक कचरा नेऊन टाकणे आर्थिक तर्काला धरूनच आहे, असा त्यातील युक्तिवाद होता. ते लिखाण उपरोधिक होते, असा खुलासा पुढे करण्यात आला. उपरोध असो वा नसो, त्याचे शैक्षणिक मोल मोठे आहे. कारण गृहीतके मान्य केली तर हिशेब खरोखरच तसा येतो. चूक बेरजेत नाही. माणसाचे मोल त्याच्या मजुरीने करण्यात आहे.

हे परदेशापुरते नाही. आपल्या शहरांची गटारे साफ करणारा कामगार पाहा. शहराला स्वच्छता स्वस्तात मिळते, कारण विषारी वायूचा धोका मजुरीत मोजला जात नाही आणि हे काम करणारे बहुतांशी कोणत्या जातींचे आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे झाले. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला; २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ही रक्कम ३० लाख झाली. कोणत्याही रकमेने गेलेला माणूस परत येत नाही. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यातील दुसरी बाजूही पाहावी. मृत्यूची जबाबदारी जितकी महाग होईल, तितके माणसाऐवजी यंत्र उतरविणे नगरपालिकेला स्वस्त वाटू लागेल. बाह्य खर्च ज्याचा त्याच्या वहीत लिहिणे म्हणजे हेच. मात्र भरपाई प्रत्यक्ष दिली गेली, तरच हा परिणाम घडतो. न दिलेली भरपाई म्हणजे पुन्हा शून्य किंमत.

७. अजून न आलेली माणसे

शेवटची संकल्पना काळाची आहे. आजचे शंभर रुपये आणि शंभर वर्षांनंतरचे शंभर रुपये यांची तुलना करण्यासाठी अर्थशास्त्र वटाव दर वापरते. हवामान बदलावरील २००६ सालच्या अहवालात निकोलस स्टर्न यांनी हा दर वर्षाला सुमारे १.४ टक्के धरला. त्या दराने शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या नुकसानीचे आजचे मोल सुमारे २५ रुपये येते. दर ५ टक्के धरला, तर तेच मोल ७६ पैसे होते. नुकसान तेच, माणसे तीच. केवळ दर बदलला आणि भावी पिढी रुपयावरून पैशावर आली. म्हणून हा दर केवळ गणिताचा प्रश्न नाही. पुढे जन्मणाऱ्यांना आपण किती मोजतो, याची ती कबुली आहे.

निसर्ग हे भांडवल मानले, तर टिकाऊ विकासाची व्याख्या एका वाक्यात करता येते : व्याजावर जगावे, मुद्दल खाऊ नये. ही कल्पना नवी नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्खुसंघासाठी त्याने ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत द्यायचे नाही. केवळ वाढ उपभोगायची. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, हा हिशेब त्यातून तंतोतंत जुळतो. अशा ठेवीला ‘अक्षयनीवि’ म्हणत : जिचे मुद्दल क्षय पावत नाही अशी.

हे दान ज्याला दिले, तो ‘चातुद्दिस संघ’ होता. विनयपिटकात या संघाला ‘आगतानागत’ असेही विशेषण आढळते. मूळ संदर्भात त्याचा अर्थ आलेले आणि न आलेले भिक्खू असा आहे. पर्यावरणाचा विचार तेथे अभिप्रेत नाही. तरीही मालकीची ही कल्पना विचार करण्याजोगी आहे. आज येथे उपस्थित असलेले भिक्खू वस्तू वापरतात. परंतु ती केवळ त्यांची नसते. जो अद्याप पोहोचला नाही, त्याचा हक्क आधीच मोजलेला असतो. म्हणूनच विहार, शय्यासन यांसारखी संघाची जड संपत्ती कोणालाही, अगदी उपस्थित संघालाही, परस्पर देऊन टाकता येत नाही, असा विनयाचा नियम आहे.

समारोप

बाह्य परिणामांच्या सिद्धान्तात प्रवाहाच्या खाली राहणारा शेजारी हिशेबाबाहेर राहतो. सामायिक संपत्तीच्या सिद्धान्तात सीमेपलीकडे ठेवलेला माणूस. मोलमापनात ऐपत नसलेला. आणि वटावाच्या गणितात न जन्मलेला. पर्यावरणीय अर्थशास्त्राने या चौघांना शोधून काढण्याची साधने दिली आहेत, हे त्याचे मोठेच ऋण आहे. परंतु साधन स्वतः होऊन शोध घेत नाही. ते कोणाच्या हातात आहे, यावर शोध अवलंबून असतो.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. या विषयाची परीक्षा देण्यापूर्वी आपल्या गावातील अथवा वस्तीतील एक पाणवठा घ्यावा. त्याचे पाणी कोण किती वापरतो, पंप कोणाचे आहेत, विजेचे बिल कोण भरतो, उन्हाळ्यात हंडा घेऊन कोण किती अंतर चालतो, वाया गेलेल्या वेळेची मजुरी किती, नियम करणाऱ्या समितीत कोण बसतो, हे सर्व एका वहीत लिहून काढावे. ती वही पूर्ण झाली की पिगू, कोझ आणि ऑस्ट्रॉम यांची सूत्रे वेगळी पाठ करावी लागणार नाहीत. आणि त्या वहीचा उपयोग परीक्षेपुरता राहणार नाही. ग्रामसभेत ती उघडून वाचता येईल.